जुन्या गोव्यातली व्हॉइसरॉयची कमान: रस्त्यावरून नको, फेरीबोटीतून बघा

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे घाईतली माणसं सुटतील. कमानीला साडेतीन स्टार, तिथल्या माहितीला अर्धा, आणि शेजारच्या फेरीबोटीला पाचपैकी पाच. असं का ते आता सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघं होतो, मी, बायको, सातवीतली पोरगी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी कुठल्याही गाडीत चढले की पहिल्यांदा मागं किती सीटा रिकाम्या आहेत ते बघतात. गणपती झाल्यावर पाऊस ओसरल्यासारखा वाटला म्हणून कोल्हापुरातनं आंबोलीमार्गे निघालो आणि ओसरलाबिसरला काही नव्हता, सावंतवाडी सोडल्यापासनं पणजी येईपर्यंत वायपर बंद करायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी बीचवर जाण्यात काही अर्थच नव्हता, पोरगी फुगून बसलेली, तर म्हटलं चला जुन्या गोव्याला. पणजीपासून दहाएक किलोमीटर, मांडवीच्या कडेकडेनं रस्ता, पावसात तर तो रस्ताच बघण्यासारखा आहे.

तिथं सगळे जे बघतात ते आम्हीपण बघितलं. झेवियरचं बासिलिका, समोरचं से कॅथेड्रल. त्याबद्दल हजार जणांनी लिहिलंय, मी नाही लिहीत. फक्त एक सांगतो, बासिलिकाच्या बाहेर मेणाचे हात, पाय, डोकी, लहान बाळं असं सगळं विकायला असतं, नवसाचं. आपला हात दुखत असेल तर मेणाचा हात घ्यायचा आणि देवाला वाहायचा. पोरीनं ते बघून विचारलं की एवढे सुट्टे हातपाय कशाला, आणि तेव्हा मला ठाऊक नव्हतं की तासाभरात मला तिला दुसऱ्याच एका माणसाच्या सुट्ट्या हातापायांची गोष्ट सांगायला लागणार आहे.

तर कमान. सगळ्या टुरिस्ट बस मोठी चर्च दाखवतात आणि वळून मंगेशीकडं निघतात, नदीकडं कोणी जातच नाही. से कॅथेड्रलपासून चालत फार तर पाच-सात मिनिटं, वाटेत सेंट कॅजेटनचं चर्च लागतं, रोमच्या सेंट पीटरवरून बेतलेलं, आणि त्याच्या आवारात काळ्या दगडाचा एक नुसताच दरवाजा उभा आहे, मागं वाडा नाही पुढं अंगण नाही. तो आदिलशहाच्या वाड्याचा. त्याचे खांब नीट बघा, कुठल्यातरी देवळातले वाटतात. पुढं उताराला लागलं की समोर जांभ्या दगडाची कमान, पावसानं काळी-हिरवी झालेली, फटीफटीतनं नेचे उगवलेत.

इथंच पहिली गंमत होते. तुम्ही शहराकडून आलेले असता म्हणून तुम्हाला दिसते ती कमानीची पाठ. पाठीवर वर कोनाड्यात एक बाई आहे, हातात तलवार आणि पायाखाली एक माणूस आडवा पडलाय. आमच्या पुढं एक ग्रुप होता, त्यांचा गाइड छातीठोक सांगत होता की ही गोव्याची राणी आहे. राणीबिणी काही नाही, ती सेंट कॅथरीन. 25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा घेतला तो दिवस तिच्या सणाचा, म्हणून ती या शहराची रक्षक. आणि पायाखालचा माणूस म्हणजे साधारण आपण. गाइड ग्रुपला तिथं उभं करून सेल्फी घ्या म्हणाला, घेतल्यापण लोकांनी, हसत. मग तोच गाइड म्हणाला की वास्को द गामाला इथंच पुरलंय. अहो तो झेवियर, त्याचं शव वर बासिलिकात आहे. गामा 1524 च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी कोचीत मेला, तिथल्याच चर्चमध्ये पुरला, नंतर हाडं पोर्तुगालला नेली आणि आता लिस्बनला आहे. मी काही बोललो नाही, बायकोनं आधीच डोळे वटारले होते.

अण्णा मात्र वेगळंच बघत होते. कमानीच्या बरोबर मध्ये उभे राहून वर बघितलं, डावी-उजवीकडं बघितलं आणि म्हणाले, "लालपरी घालायची झाली तर आरसे मिटायला लागतील." कमानीच्या आतनंच फेरीच्या धक्क्याकडं रस्ता जातो ना, त्यामुळं आपण इतिहास बघत उभे असतो आणि मागनं स्कूटरवाला हॉर्न मारत येतो. कुणाच्या पुढ्यात गॅस सिलिंडर, कुणाच्या मागं शाळेची पोरं. मला हे फार आवडलं खरं तर, इतकी वापरात असलेली स्मारकं आपल्याकडं कमीच. पण लहान पोरं बरोबर असतील तर हात सोडू नका, सेल्फीच्या नादात मागं मागं सरकू नका.

आता कमानीतनं पलीकडं जा आणि मागं वळा. ही खरी दर्शनी बाजू. वर कोनाड्यात वास्को द गामा, दाढी, टोपी, अंगात झगा, नदीकडं तोंड. चेहरा खालनं नीट दिसत नाही, पावसाचे ओघळ उतरून गालावर काळे पट्टे पडलेत. आणि दगडात हरणाचं चिन्ह कोरलंय ते शोधा. पोरगी म्हणाली हरीण कशाला, तर पोर्तुगीजमध्ये गामा म्हणजे हरणी, म्हणून त्यांच्या घराण्याचं चिन्ह हरीण. म्हणजे बघा, पुतळा त्याचा, चिन्ह त्याच्या घराण्याचं, आणि हे सगळं बसवलं कुणी? फ्रान्सिस्को द गामानं, 1597 ते 1600 गोव्याचा व्हॉइसरॉय, म्हणजे पोर्तुगीज राजाचा इथला मुख्य कारभारी, होता तो. वास्कोचा सख्खा पणतू. भारतात येण्याला शंभर वर्षं झाली हे निमित्त काढलं आणि शहराच्या मुख्य दरवाज्यावर, जिथनं प्रत्येक नवीन व्हॉइसरॉय बोटीतून उतरून आत येणार, जिथं त्याला शहराच्या चाव्या मिळणार, तिथं आपला पणजोबा बसवला.

आपल्याला हे समजायला काही अभ्यास लागत नाही, आपल्या चौकाचौकात हेच आहे. फ्लेक्स! प्रेरणास्थान वर मोठं, शुभेच्छुक खाली. फक्त याचा फ्लेक्स दगडी निघाला.

आणि लक्षात घ्या, गोव्याशी या माणसाचा संबंध तसा जेमतेम. पहिल्या वेळी 1498 ला तो कालिकतला गेला, परत जाताना कारवारजवळच्या अंजदिवी बेटावर थांबला, गोव्यात पाऊल नाही. गोवा घेतला अल्बुकर्कनं, तेसुद्धा तिमोजा नावाच्या इथल्याच किनाऱ्यावरच्या दर्यावर्दीनं वाट दाखवली म्हणून. गामा थेट 1524 ला व्हॉइसरॉय होऊन आला, तोपण आधी आपल्या चौलला उतरला, मग गोवा, मग कोची, आणि तीन-चार महिन्यांत संपला. तरी दरवाज्यावर कोण, तर हा. कारण पणतू सत्तेवर. नंतर एक गाव आख्खं त्याच्या नावाचं झालं ते वेगळंच. आमच्या मिरजेच्या बाजूची माणसं "वास्कोनं चाललोय" म्हणतात तेव्हा डोक्यात गाडी असते, निजामुद्दीनहून पुण्या-मिरजेवरून येणारी गोवा एक्स्प्रेस, माणूस कुणाच्याच डोक्यात नसतो.

पोरीच्या पुस्तकात सागरी मार्गाचा शोध वगैरे आहे. तिला म्हटलं, आफ्रिकेला वळसा घालून येणं ही सोपी गोष्ट नव्हतीच, ते मानायलाच पाहिजे, 1497 च्या जुलैत निघाले आणि मे उजाडला कालिकतजवळ पोचायला, निम्म्याच्या वर माणसं घरी परत गेली नाहीत. पण शेवटचा टप्पा, आफ्रिकेच्या मालिंदीपासून कालिकतपर्यंत, तिथल्या राजानं दिलेल्या वाटाड्याच्या जिवावर केला. तो रस्ता अरबांना, गुजरात्यांना, मलबारच्या लोकांना पाठ होता. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे गाडी दुसऱ्यानंच चालवली आणि हा पाटीवर." मग कालिकतच्या राजाला, सामुद्रीला, दिलेल्या भेटींची यादी सांगितली तर बायको हसतच बसली. कापडाचे काही तुकडे, सहा हॅट, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची सहा भांडी, एक पेटी साखर, थोडं तेल आणि मध. आपल्या लग्नात येतात ना, ओळख कमी म्हणून स्टीलचा डबा, तसं. राजाच्या माणसांनी तोंडावर सांगितलं की मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त देतो.

इथपर्यंत गंमत होती. मग पोरीनं विचारलं की मग लोक याला वाईट का म्हणतात, नुसती स्वस्तातली गिफ्ट दिली म्हणून? आता काय सांगणार. पावसाची सर आली म्हणून आम्ही कमानीच्या पोटात उभे होतो, तिथंच सांगितलं.

दुसऱ्या वेळी, 1502 ला, हा मोठं आरमार घेऊन आला. मधल्या काळात कालिकतला पोर्तुगीजांच्या वखारीवर हल्ला होऊन त्यांची माणसं मारली गेली होती, त्याचा राग होता. मलबारच्या किनाऱ्यावर याला मक्केहून परत येणारं एक जहाज सापडलं, मीरी नावाचं. हजचे यात्रेकरू, व्यापारी, बायका, पोरं, शेकड्यानं माणसं. जहाजावरच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी सुटकेसाठी पाहिजे तेवढा पैसा देऊ केला. यानं माल उतरवून घेतला आणि माणसांसकट जहाज पेटवायला सांगितलं. आतल्या लोकांनी आग विझवली, हाताला लागेल त्यानं लढले, दगडंसुद्धा फेकली. बायका दागिने वर धरून दाखवत होत्या, तान्ही पोरं वर धरत होत्या की यांच्याकडं बघून तरी सोडा. काही दिवस हे चाललं आणि शेवटी जाळलंच. थोडी मुलं तेवढी बाजूला काढली, ख्रिस्ती करायला. आणि हे कुणी शत्रूनं रचलेलं नाही, त्याच आरमारातल्या तोमे लोपेश नावाच्या पोर्तुगीजानं लिहून ठेवलंय, त्यालाच ते बघवलं नव्हतं.

पोरगी गप्प. मग म्हणाली, "वर धरलेली बाळं त्याला दिसली होती का?" दिसली होती, म्हटलं. ती कमानीच्या बाहेर पावसात गेली, मान वर करून पुतळ्याकडं बघून आली, आणि परत काही बोलली नाही. बायको माझ्यावर चिडली, हे आत्ता सांगायची गरज होती का. मला अजूनही माहीत नाही होती की नव्हती. पण तिथं दुसरं कोणी सांगणारं नाहीच आहे, हीच माझी मुख्य तक्रार.

आता अर्धा स्टार का ते. माहितीच्या नावाखाली जे आहे त्यात कमान कुणी बांधली, कशासाठी बांधली, एवढंच कळतं. मीरी जहाज नाही. पायाखालचा माणूस कोण, ते नाही. अहो पुतळा ठेवा, माझं काही म्हणणं नाही, पण त्याच्याच माणसानं लिहिलेलं चार ओळीत तिथं लावा की. चर्चमध्ये कुठल्या खांबाला किती सोनं लागलं याची माहिती मिळते आणि इथं काही नाही, म्हणून मग गाइड लोक राण्या तयार करतात. शिवाय पाटी अशा जागी आहे की वाचायला उभं राहिलं की स्कूटरवाल्याच्या आडवे येतो आपण. कमानीच्या कडेला चिप्सची पाकिटं आणि नारळाची करवंटी पडलेली, ती आपल्याच लोकांची, त्याचा दोष कुणा पोर्तुगीजाला देता येत नाही. पार्किंगचं पण एक झालं, कॅथेड्रलच्या बाजूला एकानं पैसे घेतले आणि पावती मागितल्यावर "साहेब पाऊस आहे" म्हणाला. पावसाचा पावतीशी काय संबंध, अण्णांना हे फारच लागलं, पावती न फाडता पैसे म्हणजे त्यांच्या दृष्टीनं खून.

बरं ते सुट्टे हातपाय. फ्रान्सिस्को साहेब कारभारात इतके नकोसे झाले होते की त्यांची मुदत संपली तसा त्यांच्याच पोर्तुगीज विरोधकांनी दरवाज्यावरचा पणजोबा खाली ओढला, पुतळ्याचे तुकडे केले आणि ते शहरात टांगले. म्हणजे वास्को द गामाचा पुतळा पहिल्यांदा फोडला तो पोर्तुगीजांनी, आणि तोही पणतूचा राग पणजोबावर काढला म्हणून. फ्लेक्स फाडणं हे पण जुनंच आहे तर. काही वर्षांनी पुतळा परत बसवला, आणि हा पणतू पण कमालीचा चिवट, 1622 ला परत व्हॉइसरॉय होऊन आला, त्याच कमानीतनं आत गेला असणार. पोरगी एवढ्यावर हसली, मग मेणाच्या हातांचा विषय निघाला, बायकोपण निवळली.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की आपण चारशे वर्षांपूर्वीचा दगड बघतोय. तर नाही. कमान मध्ये कोसळली होती आणि 1954 ला परत उभी केली. ही तारीख मला कमानीपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटली. 1954 ला दादरा नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातातनं गेलेली. पुढच्या वर्षी नानासाहेब गोरे, सेनापती बापट असे एकेक जण सत्याग्रही घेऊन हद्दीत शिरतायत, लाठ्या खातायत, 15 ऑगस्ट 1955 ला तर गोळीबारात माणसं मेली. मोहन रानडेंना पकडून पुढं लिस्बनच्या तुरुंगात नेलं, गोवा सुटून सात वर्षं झाली तरी ते आतच, 1969 ला सुटले. आणि ह्या सगळ्या गदारोळात इकडं पोर्तुगीज सरकार गवंडी लावून वास्को द गामाची कमान दुरुस्त करतंय! भाडेकरूला घर सोडायची नोटीस आलीय आणि तो दाराला रंग देतोय तसं. 19 डिसेंबर 1961 ला गेले. नव्या कमानीखालनं त्यांना जेमतेम सात वर्षं जाता आलं, त्यापुढची साठ-पासष्ट वर्षं नदीपलीकडच्या दिवाडी बेटाची माणसंच जातायत.

आता फेरी. पाचपैकी पाच म्हणालो त्याचं कारण.

पाऊस जरा थांबला तसे अण्णा म्हणाले बोटीनं जाऊन येऊ, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही असं कळल्यावर तर ते पुढंच चालायला लागले. कमानीपासून धक्का अगदी जवळ. बोट म्हणजे चपटी लोखंडी, पुढची फळी धाडकन सिमेंटवर पडते, आधी माणसं आणि स्कूटरी उतरतात, मग गाड्या, मग आपण चढायचं. मध्ये उभं राहायला जागा असते, कडेला बाक, डिझेलचा आणि ओल्या रेनकोटचा वास. नदी चहाच्या रंगाची, जलपर्णीचे पुंजके समुद्राकडं चाललेले. पाच-एक मिनिटांत पलीकडं दिवाडी बेट. आम्ही बेटावर फार फिरलो नाही, पाऊस परत आला, एका टपरीत चहा आणि मिरची भजी झाली, तिथली भजी कोल्हापुरासारखी तिखट नसते पण गरम होती. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वेची फेरी आहे, तिकडं सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ या दिवाडीवरच होतं, पोर्तुगीजांनी पाडलं, देव पलीकडं नार्व्याला नेला आणि 1668 ला शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ज्यांच्याकडं अख्खा दिवस आहे त्यांनी कमान, फेरी, दिवाडी, दुसरी फेरी, सप्तकोटेश्वर असंच करा, आमचं राहिलं.

पण खरी गोष्ट परत येताना. बोट जुन्या गोव्याकडं वळली की समोर नुसती झाडी दिसते, झाडांच्या वर कुठं कुठं पांढरे मनोरे. मग बोट जवळ येते तशी झाडांच्या मधे एक काळं भोक दिसायला लागतं, मग त्याभोवती दगड, मग त्यावर तो. तेव्हा पहिल्यांदा मला कमान कळली. ती रस्त्यावरनं बघायची वस्तूच नाही. गाडी लावून, कॅथेड्रल बघून, मागच्या बाजूनं आलेल्या माणसासाठी कुणी ती बांधलीच नाही, सहा-सहा महिने बोटीत काढून आलेल्या माणसाला पहिलं काय दिसावं याचा हिशोब करून बांधलीय. पाण्यातनं बघितलं की वाटतं, हां, आत भलंमोठं शहर असणार. आणि आत आहे काय, तर चर्च, लॉन, आणि उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. साथीच्या रोगांनी शहर ओसाड पडलं, राजधानी पणजीला गेली, मागचं सगळं गेलं आणि पुढचं दार तेवढं उरलं.

बोटीत शेजारी एक म्हातारे गोंयकार होते, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, हातात मासळीची पिशवी. मी मोबाइलनं पुतळ्यावर झूम करतोय बघून म्हणाले, "तो आमचो वॉचमन. चारशें वर्सां उबो आसा, पगार ना." आणि स्वतःच खो खो हसले. अण्णांना कोकणी अर्धीच कळली पण पगार कळला, तेही हसले, मग दोघांची पेन्शनवर गाडी घसरली.

याच नदीत वर गेलं की जुवें बेट लागतं, पोर्तुगीज त्याला सांतु इस्तेव्ह म्हणतात. 1683 च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेनं रात्रीत तिथला किल्ला घेतला. व्हॉइसरॉय परत घ्यायला म्हणून गेला आणि मार खाऊन पळत आला. इथं शहरात इतकी घबराट की त्यानं आपला अधिकाराचा दंड झेवियरच्या शवपेटीत ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. खंडो बल्लाळांनी भरतीच्या पाण्यात महाराजांना वाचवलं ती गोष्ट पण इथलीच सांगतात. पुढं मोगलांची फौज कोकणात उतरली म्हणून महाराजांना परत फिरावं लागलं. म्हणजे मराठे या दरवाज्याच्या इतक्या जवळ येऊन गेले. हे मी बोटीत सांगत होतो तर पोरगी नकाशा काढून बसली, जुवें किती लांब आहे ते बघायला. मीरीनंतर तिचा पहिलाच प्रश्न.

जे म्हणतात पुतळा काढा त्यांच्यासाठी एक सांगतो. अल्बुकर्कचा मोठा ब्राँझचा पुतळा पणजीत होता, कवी कामोईंशचा इथंच दोन चर्चच्या मधल्या बागेत. दोघंही आता म्युझियमच्या छपराखाली आहेत, सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागूनच आहे ते, शुक्रवारी बंद असतं हे लक्षात ठेवा नाहीतर आमच्यासारखं कुलूप बघून याल. 1998 ला गामाच्या येण्याला पाचशे वर्षं झाली तेव्हा सोहळा करायचा की नाही यावरनं गोव्यात आणि केरळात भरपूर निषेध झाले. तरी हा एकटा जागचा हलला नाही. मला विचाराल तर राहू दे तिथंच. म्युझियममध्ये नेला तर दिव्याखाली छान दिसायला लागेल, इथं निदान अंगावर शेवाळ आहे आणि खालनं रोज मासळीच्या पिशव्या जातात. अण्णांचं मत वेगळं, ते म्हणाले काढून टाकावा आणि त्या जागी फेरीचं टाइमटेबल लावावं, लोकांना उपयोग होईल. बायको म्हणाली आधी त्या बाईच्या पायाखालच्या माणसाला उठवा, मग वरच्याचं बघू. आमच्यात एकमत झालं नाही.

कामाच्या गोष्टी: तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, गेट नाही. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, सावली फक्त कमानीच्या पोटात आहे. टॉयलेट वर चर्चच्या बाजूलाच, खाली काही नाही. वयस्कर माणसांना उतार चालेल पण पावसात दगड घसरतात. संध्याकाळी पाचच्या पुढं ऊन नदीकडनं येतं आणि पुतळ्यावर पडतं, फोटो तेव्हाच काढा. आणि कितीही घाई असली तरी बोटीनं पलीकडं जाऊन परत या, जाताना पाठमोरं उभं राहिलात तरी चालेल पण येताना पुढं उभे राहा, फळीजवळ.

आम्ही उतरलो तेव्हा धक्क्यावर पलीकडं जाणाऱ्यांची रांग लागली होती, कमानीच्या आतपर्यंत. अण्णा बाजूला उभे राहून बोट भरेपर्यंत मोजत होते. सत्तावीस स्कूटरी, पाच गाड्या, चालत आलेले चाळीसच्या वर. "आणि तिकीट एकाचंही नाही," असं म्हणून त्यांनी एकदा वर त्या दाढीवाल्याकडं बघितलं, मग गाडीकडं चालायला लागले.